गिऱ्हाईक परत का येतं?

उत्साही: काका, एखाद्या साइटवर माणूस परत का येतो हे शोधताना लोक भांडवल, जाहिरात, कंपनीचं नाव असल्या मोठ्या गोष्टींकडे बघतात. माझं म्हणणं, खरं कारण अगदी बारीक असतं. ओटीपीच्या चौकटीवर बोट ठेवलं की आकड्यांचा कीबोर्ड वर यायला हवा. अक्षरांचा आला की आधी कोपऱ्यातलं बटण शोधा, कीबोर्ड बदला, तोवर ओटीपी डोक्यातून गेलेला. पिनकोड चुकला तर पिनकोडचीच चौकट लाल व्हावी, बाकी भरलेलं जागच्या जागी राहावं. एका चुकीपायी सगळा फॉर्म कोरा झाला की माणूस एक शिवी हासडतो आणि पुढच्या वेळी गुमान झेरॉक्सवाल्याला पैसे देऊन फॉर्म भरून घेतो. रोह्याहून दिवा गाडीने जाणाऱ्यांच्या फोनमध्ये बघा, 'व्हेअर इज माय ट्रेन' बहुतेकांकडे सापडेल. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने ते बनवलं, २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. त्यात एक बारकावा आहे. गाडीत बसल्यावर इंटरनेट नसलं तरी मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठवर आली ते त्याला कळतं. पावसाळ्यात शटर ओढलेली, बाहेरचं काही दिसत नाही, तरी निडी मागे पडलं आणि नागोठणे येतंय हे हातातल्या हातात समजतं. जाहिरात वाचून हे कुणी ठेवून घेतलेलं नाही. एकदा नेट गेलं, तरी ते चाललं, आणि तेव्हापासून माणूस त्याचा झाला.

शंकेखोर: त्याचा झाला म्हणजे काय झालं, तेच मला समजून घ्यायचंय. 'परत येणं' म्हणजे शाबासकी, असं तू धरूनच चालली आहेस. सातबाऱ्याची साइट घे. महाभूलेखवर आधी विभाग निवडा, सहांपैकी कोकण. मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. मग गट नंबर नाहीतर नाव. मग मोबाइल नंबर. मग वाकडीतिकडी अक्षरं वाचून चौकटीत भरा. पुढच्या आठवड्यात आलात की पुन्हा कोकणापासून सुरुवात. डिजिटल सहीचा उतारा हवा तर वेगळं लॉगिन आणि १५ रुपये. तरी लोक येतातच. धाटावच्या कंपनीत पाळीला जाणारा येतो, डोंबिवलीत राहणारा चाकरमानी येतो, भावकीत वाद पेटला असेल तर रात्री बारालाही येतो. का येतो? जमीन तिथे आहे म्हणून. तिथली बटणं आवडली म्हणून कुणी आलेलं मी तरी ऐकलं नाही. आता दुसरं टोक बघ. माझा नातू दर दहा मिनिटांनी इन्स्टाग्राम उघडतो. काय बघितलंस विचारलं तर त्याला सांगता येत नाही. एकाला गरज आणते, एकाला चाळा आणतो. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र दोघांची नोंद एकच, 'आला'. जमिनीची काळजी आणि बोटाचा चाळा ज्या आकड्यात एकाच रकान्यात पडतात, त्या आकड्याच्या जोरावर तुझे बारकावे चांगले कसे ठरतात?

उत्साही: आकडा आंधळा आहे, मान्य. म्हणून मी जिथे पर्याय आहेत तिथलीच उदाहरणं घेते. सातबारा दुसऱ्या दुकानात मिळत नाही, तेव्हा तिथे येण्याला पसंती म्हणताच येणार नाही. लोकलचं वेळापत्रक मात्र चार ठिकाणी मिळतं, तरी मुंबईत लोक वर्षानुवर्षं एम-इंडिकेटर उघडतात. सचिन टेके यांनी ते केलं तेव्हा ते काही देखणं नव्हतं. पण वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं होतं, नेट लागत नव्हतं. दादरच्या पुलावर गर्दीत उभ्या माणसाला देखणेपणाचं काय करायचंय? त्याला जिना उतरायच्या आत गाडीची वेळ हवी असते.

आणि तुमच्या महाभूलेखवरूनच उलट दाखवते. मागच्या वेळी निवडलेलं गाव त्याच फोनवर पुढच्या वेळी आधीच भरलेलं आलं, तर किती ठिकाणी बोट लावायचं वाचेल? एका माणसाचं पाव मिनिट. राज्यातल्या सगळ्या खातेदारांचं गुणून बघा. त्या पाव मिनिटाची कुणी दखल घेत नाही, कारण ते वाचलं तरी कुणी आभार मानायला येत नाही. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायची सोय आहे ना, २००९ मध्ये ती प्रयोग म्हणून आली, २०१५ मध्ये सगळ्यांना मिळाली. आत काय चालतं माहितीये? मेल मागे वगैरे येत नाही. ती गेलेलीच नसते. तुम्ही सांगाल तितके, ५ ते ३० सेकंद, ती दारात थांबवून ठेवतात. साहेबाला रागाने लिहिलेली मेल, नाहीतर जोडायची फाइल न जोडता गेलेली मेल, त्या अर्ध्या मिनिटात वाचते. ज्याने ती वेळ ठरवली त्याने माणसाचा स्वभाव नीट पाहिला होता. पश्चात्ताप पहिल्या दहा सेकंदांतच होतो.

शंकेखोर: स्वभाव नीट पाहिलाय, एवढं मी दोन्ही हातांनी कबूल करतो. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. पश्चात्ताप कधी होतो हे ज्याला कळतं, त्याला मोह कधी होतो हेही कळतं. गूगलने २०१७ मध्ये 'तेज' आणलं, आजचं गूगल पे. भाजीवाल्याला पैसे दिले की स्क्रॅच कार्ड. अंगठ्याने घासायचं, खालून आकडा निघतो, नाहीतर 'पुढच्या वेळी'. आता मला सांग, ते घासायला का लावतात? घासल्याने निकाल बदलत नाही. सरळ लिहून दाखवता आलं असतं, की आज काही नाही. पण घासण्यातले ते दोन क्षण हवे असतात. कधी मिळतं, कधी नाही, कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच हात पुन्हा तिकडे जातो. हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. स्टॅनफर्डमध्ये बी. जे. फॉग हे शिकवायचे, इन्स्टाग्राम काढणाऱ्या दोघांपैकी माइक क्रीगर त्यांच्या वर्गात होता. पुढे नीर एयाल यांनी २०१४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि नावच ठेवलं 'हुक्ड', म्हणजे गळाला लागलेला. त्यांनीच २०१९ मध्ये, लक्ष विचलित होऊ नये म्हणून काय करावं, यावर दुसरं लिहिलं. अडकवायचं कसं आणि सुटायचं कसं, दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची. धंदा म्हणून हे फारच छान आहे.

आणि मुलांचं बघ. स्नॅपचॅटवर दोघांनी रोज एकमेकांना फोटो पाठवला की नावापुढे ज्योत आणि दिवसांचा आकडा. हा रोजचा क्रम मोडायला आला की वाळूचं घड्याळ दिसतं. मग काय होतं? खिशातल्या खिशात काळोखाचा फोटो काढून पाठवतात. बोलायचं काहीच नसतं. आकडा मरू नये एवढंच. तुझ्या भाषेत हा बारकावाच आहे ना? बोटाच्या पेराएवढं चित्र, आणि त्यापायी आठवी-नववीतलं पोर झोपायच्या आधी फोन मागतं.

उत्साही: हे मी झाकत नाही. पण ज्या गूगल पेमध्ये स्क्रॅच कार्ड आहे, त्याच गूगल पेमध्ये पैसे पोचल्याची ती खूण आहे आणि तो आवाज आहे. पेणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईंचे हात ओले असतात, फोनला हात लावता येत नाही, समोर पाच गिऱ्हाइकं उभी असतात. तिथे शेजारच्या डब्यातून मराठीत आवाज येतो की इतके रुपये मिळाले. बाईंना वाचावं लागत नाही, गिऱ्हाइकावर संशय घ्यावा लागत नाही, गिऱ्हाइकाला फोन पुढे करून दाखवावा लागत नाही. तो डबा काढून घेतला तर त्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे रोख मागतील. म्हणजे एकाच धंद्यात, कदाचित एकाच खोलीत बसलेल्या लोकांनी दोन बारकावे केले, एकाने विश्वास दिला, एकाने लालूच. मग दोष बारकाव्यांना का द्यायचा?

शिवाय आता याला काही नियम आहेत. हॅरी ब्रिग्नल नावाच्या इंग्रज डिझायनरने २०१० मध्ये असल्या युक्त्यांची यादी करायला घेतली आणि त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार आहेत. खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारं वाक्य, आत यायला एक बटण आणि बाहेर पडायला सात, सारखा सारखा पिच्छा पुरवणं. म्हणजे कुठली युक्ती वाईट हे सांगता येतं, आणि ते कागदावर आलेलं आहे.

शंकेखोर: त्या यादीतले बहुतेक प्रकार लबाडीचे आहेत. लबाडी पकडणं त्यातल्या त्यात सोपं. मला भीती खऱ्याची आहे. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला येणारे मुंबई-पुण्याचे लोक ऑनलाइन जागा घेतात. तिथे लिहिलेलं असतं, इतक्याच जागा शिल्लक. हॉटेलवाल्यांच्या साइटवर असलं वाचलं की मी हसतो, पण कोलाडला ते खरं असतं. नदीला पाणी येतं ते वर भिऱ्याकडे वीज करून सोडलेलं, आणि सकाळी पाणी सोडतात तेवढ्याच वेळात राफ्ट जातात. तेव्हा घाई खरी, जागा खरोखर मोजक्या. आता हेच खरं वाक्य लाल अक्षरांत लिहिलं, शेजारी उलटं चालणारं घड्याळ लावलं, तर नियम मोडला का? नाही मोडला. पण माणसाने नवऱ्याला, बायकोला, पोहता न येणाऱ्या मुलीला विचारायच्या आत पैसे भरले. वाक्य खरं राहिलं आणि विचार करायची सवड गेली.

व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा घे. नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. दोन राखाडी खुणा म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला. यात खोटं काय आहे? काहीच नाही. पण त्या दिवसापासून वाचून उत्तर न देणं हा गुन्हा झाला. सासरी-माहेरी, कंपनीत, ग्रुपवर. लोकांनी इतकी ओरड केली की थोड्याच दिवसांत ती खूण बंद करायची सोय द्यावी लागली, आणि ती बंद केली की आपल्यालाही दुसऱ्याची दिसत नाही. बघ ही अट किती हुशारीची आहे. ज्याला सुटायचंय त्याने आधी स्वतःची उत्सुकता सोडावी. कुठला कायदा याला हात लावणार?

(लिहिणाऱ्याचा कल इथे शंकेखोराकडे झुकतो, हे सांगितलेलं बरं. पण तो एक गोष्ट सोयीने वगळतो आहे. परदेशात मुलगा असलेल्या आईला ती निळी खूण म्हणजे पोराने फोन हातात धरलेला आहे, तो बरा आहे, एवढा निरोप असतो, आणि तेवढा तिला पुरतो.)

उत्साही: मग मी कसोटी बदलते. लबाडी आहे की नाही हे बाजूला ठेवू. माझी कसोटी अशी की काम झाल्यावर ती गोष्ट तुम्हाला जाऊ देते का? २००६ मध्ये अझा रास्किनने न संपणारं पान शोधून काढलं. आधी खाली 'पुढचं पान' असं बटण यायचं, तिथे माणूस क्षणभर थांबायचा, आणि कधीकधी उठायचाही. ते बटण गेलं आणि उठायची जागाच गेली. रास्किनने पुढे याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आता याच्या उलट गाडीचं ॲप घ्या. नागोठणे कधी येणार ते कळलं की फोन खिशात. दोन्हीकडे माणूस परत येतो, पण एकीकडे तो आधी गेलेला असतो. परत यायला आधी जावं लागतं, काका. न संपणाऱ्या पानावर जो बसलाय तो परत आलेला नाहीच, तो गेलेलाच नाही.

तुमच्या-माझ्या ओळखीचं उदाहरण देऊ? आपल्याकडे श्रावणात, कुणी त्याच्याही आधी, घरचा पाट गणपतीच्या कारखान्यात नेऊन देतात. पाटावर नावाची चिठ्ठी. दरवर्षी तोच कारखाना. मूर्तिकाराला आठवतं, या घरचा दीड दिवसाचा, त्या घरी गौरी असतात, यांना सोंड डावी आणि पितांबर पिवळंच लागतं. आखणी करताना डोळ्याची रेघ तो घर बघून ओढतो. गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या परत येतं ते या रेघेपायी. माझे बारकावे याच जातीचे असावेत एवढंच मला म्हणायचंय. लक्षात ठेवणं, जपून ठेवणं, वेळेवर हातात देणं.

शंकेखोर: उदाहरण तू चांगलं काढलंस, पण ते तुझ्याविरुद्ध जाईल. मूर्तिकार लक्षात ठेवतो ते वर्षातून एकदा वापरण्यासाठी. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो तुला कळवत नाही की शेजाऱ्यांनी पुढच्या वर्षीची मूर्ती आत्ताच सांगून ठेवली, तुम्ही मागे राहिलात. त्याच्या आठवणीला कुणी तिसरं गिऱ्हाईक नसतं. तुझं सोंडेचं आणि पितांबराचं तो मिठाईवाल्याला विकत नाही. महाभूलेखने गाव लक्षात ठेवावं असं तू मघाशी सहज म्हणून गेलीस. ठेवावं, माझीही सोय होईल. पण अमुक नंबरवरून वरसे गावचे उतारे महिन्यात पंधरा वेळा पाहिले गेले, ही नोंद जमिनीच्या दलालाच्या हाती लागली तर? सरकारी साइट ती देईल असं मी म्हणत नाही. पण अशी नोंद विकणाऱ्या खासगी साइटी जगात थोड्या नाहीत. तोच बारकावा, तीच आधीच भरलेली चौकट. मला ती सोय दिसते, तिच्यामागची वही दिसत नाही.

आणि तुझी जाऊ देण्याची कसोटी. ती मोजणार कशी? माणूस किती लवकर गेला यावरून? माझ्या बहिणीला वीजबिल भरायला वीस मिनिटं लागतात, चष्मा शोधण्यापासून. ती रेंगाळते म्हणून ॲप वाईट? उलट एखादा दोन मिनिटांत जातो तो वैतागून गेलेला असतो. गूगलने २००९ च्या सुमारास दुव्याच्या निळ्या रंगाच्या ४१ छटा लोकांवर तपासून पाहिल्या होत्या, कुठल्या निळ्यावर जास्त बोटं पडतात ते बघायला. त्यांचा एक मोठा डिझायनर, डग बोमन, याच असल्या मोजमापाला कंटाळून कंपनी सोडून गेला. ४१ छटांमधून जास्त दाबली जाणारी छटा निवडता येते. माणूस समाधानाने गेला, ही छटा कशी निवडणार?

उत्साही: हे मला अडतं, खरंच अडतं. सध्या याच प्रश्नावर मी बसलेय. हमरापूरच्या एका कारखान्यासाठी बुकिंगचं पान करतेय. फोटो बघायचा, उंची निवडायची, शाडू की पीओपी, पाट तुमचा की आमचा, न्यायची तारीख, आगाऊ रक्कम. इथपर्यंत भांडण नाही. भांडण शेवटच्या स्क्रीनवर आहे. पैसे भरून झाले, आता काय दाखवायचं? रूढ पद्धत अशी की तिथे आणखी मूर्ती दाखवायच्या, 'मित्रांना कळवा' म्हणायचं, नोटिफिकेशन चालू करायला सांगायचं. माणूस हातात आहे तोवर काढून घ्यायचं. मी तिथे एवढंच लिहिलंय: 'तुमची मूर्ती ठरली. अमुक तारखेला, अमुक वेळी न्यायला या. तोवर काही करायचं नाही.' खाली पावतीचा फोटो जपून ठेवायचं एक बटण. बस. आणि यश मी असं मोजणार आहे की बुकिंग झालं की नाही हे विचारायला किती जणांनी फोन केला. जितके कमी फोन, तितकं पान चांगलं. हा आकडा आंधळा नाही. धडधडत्या छातीने कुणी फोन करत नाही, याचा अर्थ माणूस निर्धास्त गेला.

शंकेखोर: वाक्य मला आवडलं. 'तोवर काही करायचं नाही' असं सांगणारी साइट मी पाहिलेली नाही. पण तुझा आकडा ऐकून मी दचकलो, आणि कशाला ते मलाच नीट सांगता येत नाहीये. मघापासून मी तुला हेच सांगत होतो, की अडकवू नका, काम करा आणि सोडा. तू तेच केलंस. आता बघ, गिऱ्हाईक फोन करतं ते काय फक्त बुकिंग झालं का विचारायला? पाच मिनिटं बोलतं. यंदा वडील गेले, तेव्हा मोठी नको, लहानच करा. गेल्या वर्षी डोळे जरा वर बघणारे झाले होते, यंदा समोर बघू देत. सून नवीन आहे, ती बघायला येईल, तिला कारखाना दाखवा. हे तुझ्या उंचीच्या आणि तारखेच्या चौकटींत कुठे बसतं? मूर्तिकाराची आठवण, जिचं तू एवढं कौतुक केलंस, ती या फोनांतूनच तयार झालेली आहे. फोन शून्यावर आणलेस तर दहा वर्षांनी त्याच्याकडे पावत्या असतील. कुणाकडे गौरी असतात हे त्याला माहीत नसेल. गळ टाकणाऱ्याला मी नावं ठेवली, पण गिऱ्हाइकाला इतकं झटपट मोकळं करणाऱ्यालाही मी निखळ चांगला म्हणायला तयार नाही, असं आता दिसतंय.

उत्साही: म्हणजे तुम्हाला थोडी अडचण हवीच आहे.

शंकेखोर: हवी आहे असं नाही म्हणणार. अडचणीमुळेच दोन माणसं बोलायची, आणि ती काढताना ते बोलणंही गेलं, एवढं दिसतंय. ओटीपीच्या कीबोर्डात असलं काही नव्हतं, तो खुशाल सुधार. कुठल्या अडचणीच्या पोटात माणसं आहेत आणि कुठल्या अडचणीच्या पोटात नुसती अडचण, हे तुला पान करताना आधी कसं कळणार?

उत्साही: आधी कळत नाही. म्हणून मी शेवटी एक मोकळी चौकट ठेवलीय: 'मूर्तीबद्दल आणखी काही सांगायचंय?' तिथे लिहा डोळे समोर बघू देत म्हणून.

शंकेखोर: किती अक्षरं मावतात?

उत्साही: दोनशे. वाढवता येतील. पण वाचणार कोण, हा खरा प्रश्न आहे. हंगामात रंगाचं काम रात्रभर चालतं, आखणीला बसणारे हात मोजके. दोन हजार मोकळ्या चौकटी कुणी वाचत बसणार नाही. फोनवर निदान मान डोलावून हो म्हणता येतं.

शंकेखोर: मग फोन नंबर वर मोठ्या अक्षरांत टाक. तुझं पान खाली राहू दे, ज्यांना फक्त तारीख हवी त्यांच्यासाठी.

उत्साही: तेही सुचवून झालं. मालक म्हणतात, फोन येतातच की, पान हवंय कशाला? मुलगा म्हणतो, फोन थांबावेत म्हणूनच तर पान हवंय, आषाढापासून बाबांना जेवणही धड बसून करता येत नाही.

शंकेखोर: आणि तू कुणाचं ऐकतेयस?

उत्साही: सध्या मुलाचं. पैसे तो देतोय. गिऱ्हाईकं मात्र सगळी बाबांची आहेत, त्यामुळे नंबर खाली, लहान अक्षरांत ठेवलाय. किती लहान, यावर कालपासून आमचं अडलंय.